वेस्टच्या धाग्याचं घरटं

मला पक्ष्यांची भारी आवड आहे, असा आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांचा समज आहे. शेजारच्या मंजुबेन तर कुणी नवीन बिऱ्हाड आलं की माझी ओळखच तशी करून देतात, "आ भाभीने पक्षीनो बहु शोख छे." मी आपली हसते. शोख कसला डोंबलाचा! पाच महिने एका खाटेवर आडवं पाडून ठेवलं आणि समोर एक खिडकी दिली, तर माणूस दुसरं काय बघणार? त्या खिडकीत बुलबुल आले म्हणून बुलबुल बघितले. हत्ती आला असता तर हत्ती बघितला असता.

पण ऊन तापायला लागलं की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही, हे मात्र खरं. वरणात मीठ दोनदा पडतं, दुधाकडे बघत उभी असतानाच दूध उतू जातं. आखाजी जवळ आलेली असते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात तिचा थाट दिवाळीएवढा, आणि सासर तिकडचं म्हणून तो माझाही सण. जिन्यात पेंढ्यात पिकणाऱ्या आंब्यांचा वास भरून राहतो. लोकांना त्या वासानं भूक लागते. मी दार लावून घेते.

यंदा ते दोघं बुलबुल पुन्हा आलेत. म्हणजे तेच नव्हेत, पण त्याच जातीचे, काळ्या तुऱ्याचे आणि शेपटाखाली लाल डाग असलेले. गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर बसून घराची पाहणी करतात, भाड्यानं खोली बघायला आलेल्या नवरा-बायकोसारखी. तिला कुंडीतला मोगरा पसंत पडलाय, तो अजून कुरकुरतोय. परवा माझी लेक कांचन धावत स्वयंपाकघरात आली. तिला अकरावं चालू आहे, परीक्षा संपल्यापासून मोकाट सुटलीय, आणि गुजराती-मराठीची तिच्या तोंडात कायमची भेळ. "आई, जो ने! बुलबुल घर बांधतायत! मी त्यांच्यासाठी दोरा ठेवते." तिच्या मुठीत पांढरा, चकचकीत, कुरळा धागा होता. मी हातातली परात तशीच टाकली आणि तो धागा असा हिसकावला की तिच्या बोटांवर लाल वळ उठले. "खबरदार, पुन्हा हा धागा बाहेर ठेवलास तर!" पोरगी बघतच राहिली. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "पण तुला तर पक्षी आवडतात ना?"

आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं वं? पोरीवर काब्रं ओरडतेस?" मी म्हटलं, काही नाही. हे "काही नाही" मी अकरा वर्षं म्हणत आले आहे.

हा धागा म्हणजे इथल्या कारखान्यांतलं वेस्ट. ऐंशीनंतर इथे दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाच्या आसपास, आमच्या सामरवरणीत, तिकडे अथालला, गलोंड्याला, एकेक करून शेड उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येकांत पॉलिएस्टरचं सूत. माझे यजमान धुळ्याकडून इथे आले ते अशाच एका कारखान्यात शिफ्ट सांभाळायला. मशीनवर धागा तुटला की गुंता ओढून काढायचा आणि पोत्यात फेकायचा. त्या गुंत्याला सगळे म्हणत वेस्ट, आणि ते मूठ-मूठ घरोघर यायचं. त्यानं आम्ही भांडी घासली, पिठाच्या पिशव्यांची तोंडं बांधली, उशा भरल्या, दाराची तोरणं ओवली, पोरींच्या वेण्या घातल्या. कुजत नाही, तुटत नाही, पाण्यानं बिघडत नाही. केवढं कौतुक होतं आम्हाला त्याचं! नवऱ्याच्या हातचं सूत म्हणून मला तर जास्तच. त्यांच्या शर्टाला त्या सुताच्या तेलाचा वास यायचा, कितीही धुतला तरी.

तेव्हा आम्ही एका चाळवजा रांगेतल्या एका खोलीत राहत होतो. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि माझी दोन गेली होती. दोन्ही पाचव्या महिन्यात. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, आता बाळंत होईपर्यंत खाट सोडायची नाही. खाटेच्या पायथ्याच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. डोकं खाली, पाय वर. खाण्यापासून सगळं तिथेच. सासूबाई गावाहून आल्या आणि येताच त्यांनी फर्मान काढलं, "पडी राह्य, माय. तुनं काम फक्त पडानं शे." म्हणजे पडून राहा बाई, तुझं काम फक्त पडायचं. माझ्याशी बोलताना त्या मराठी बोलायच्या, पण जीव घाबरला की अहिराणीवर यायच्या. त्या पाच महिन्यांत मी पुष्कळ अहिराणी शिकले.

सासूबाईंचा गावात एक मान होता. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालावं तर त्यांनीच. अर्ध्या गावाची पोरं त्यांच्या पायांवर उताणी-पालथी झाली होती. त्या मला सांगायच्या, "तुझं येऊ दे, मग बघ माझा हात." आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर धरायच्या. रुंद, तेलकट, गरम तळवे होते.

तर मी आडवी, आणि समोर खिडकी. उताराच्या खाटेवरून सगळं जग जरा कलंडलेलंच दिसायचं. सकाळी मोळ्या डोक्यावर घेतलेल्या वारली बाया रांगेनं जायच्या. मला त्या पोटऱ्यांपासून मोळीपर्यंत अख्ख्या दिसत, चेहरे मात्र पानांत दडलेले. विजेच्या तारेवर एक कोतवाल पक्षी. तो घारीच्यासुद्धा अंगावर जायचा, आणि मी इकडे मनात म्हणायची, हाण मेलीला! घरमालकाची बकरी रोज माझ्या वाळत टाकलेल्या पदराचं टोक चघळायची आणि मला हाड म्हणायलाही उठता यायचं नाही. दुपारी सगळं निपचित पडलं की तांबट पक्षी सुरू व्हायचा, टुक् टुक् टुक्. कुठल्या तरी कारखान्यातला पंप बिघडलाय असंच मला पहिले आठ दिवस वाटत होतं. एक लंगडी कुत्री होती. तिला त्याच चैत्रात सहा पिल्लं झाली, गटाराच्या नळीत, विनासायास. त्या कुत्रीचा मला इतका राग आला होता की ती दिसली की मी तोंड फिरवायची. बाई कुत्रीवर जळते, हे कुणाला सांगायचं? पण जळत होते, आता कबूल करते.

खिडकीच्या गजांवर मधुमालतीचा वेल चढला होता. त्याच्या वरच्या कोपऱ्यात बुलबुलाची जोडी काड्या आणायला लागली. कोळ्याच्या जाळ्याचे तुकडे, सुकलेली मुळं, गवत. मला वाटलं, किती हे कष्ट! उशाशी वेस्टची पिशवी होती, मी त्याच्या गाठी सोडवत वेळ काढायची. त्यातला धागा मी वीत-वीतभर तोडून गजांना अडकवला. दहा मिनिटांत बुलबुलीण आली, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, आणि धागा घेऊन गेली. अहाहा! काय सांगू मला काय झालं ते. कित्येक आठवड्यांत माझ्या हातून कुणाचं काही काम झालं नव्हतं. पाणीसुद्धा दुसऱ्यानं तोंडाला लावायचं. मी आणखी धागा लावला, आणखी लावला. दोन दिवसांत त्या काळपट वाटीला पांढरी झालर आली. संध्याकाळी यजमान आले तेव्हा मी त्यांना दाखवलं, "तुमच्या मशीनचं सूत बघा कुठं गेलं!" तेही खूश. सासूबाईंनी हात जोडले.

तीन अंडी घातली तिनं. आणि मग मी एक मूर्खपणा केला, मनातल्या मनात. मी ठरवून टाकलं की ही तीन सुखरूप उडाली तर माझं एक सुखरूप होईल. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या देवाला बोलले नव्हते. पण एकदा ठरवलं आणि मग सुटका नाही. मांजर कुंपणावर दिसलं की माझं पोट कडक व्हायचं. वारा सुटला की मी पोटावर हात ठेवून घरट्याकडे बघत राहायची. अंडी फुटली, तीन लालभडक चोची वर आल्या, तेव्हा मी रडले. सासूबाईंना वाटलं, कळा आल्या.

आखाजीच्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी पोटुशी बाई पारोशी नको. दोन तांबे घालते फक्त." मला धरून त्यांनी पाटावर बसवलं, केसांना शिकेकाई लावली, हलक्या हातानं पाणी घातलं, पुसून पुन्हा खाटेवर निजवलं. पाच मिनिटांचं काम. डॉक्टरीणबाईंनी बसायचंही नाही म्हटलं होतं, पण मला इतकं बरं वाटलं की मीच म्हटलं, कुणाला कळतंय! यजमान शिफ्टला गेले. कारखान्याला आखाजी नसते. सासूबाई चुलीपुढे पुरण घाटायला बसल्या.

मी वर पाहिलं तर एक पिल्लू घरट्याबाहेर लोंबत होतं. पडलं नव्हतं. पायाला माझ्या धाग्याचा फास बसला होता आणि ते उलटं, डोकं खाली, हलत होतं. मी ओरडले. सासूबाई पिठाच्या हातानं आल्या, डोळे बारीक करून बघितलं. त्यांना मोतीबिंदू, नीट दिसत नव्हतं. म्हणाल्या, "हात नको लावू हां. माणसाचा वास लागला की त्याची माय त्याला टाकून देते. तिचं ती बघेल." आणि पुन्हा आत गेल्या, पुरण करपत होतं.

तिचं ती बघतच होती. तेच तर बघवत नव्हतं मला. बुलबुलीण किडा घेऊन यायची, घरट्यातल्या दोघांना भरवायची, मग पंख फडफडवत हवेत तरंगून त्या लोंबणाऱ्याच्या चोचीत किडा कोंबायची. पुन्हा जायची, पुन्हा यायची. तिला धागा काय कळणार? मुळं तुटतात, गवत तुटतं. हे तुटत नव्हतं. तासाभरानं पिल्लू चोच उघडेनासं झालं, तरी ती किडा त्याच्या तोंडाला लावत होती.

मी उठले.

उशाखालून धागा कापायची कातर घेतली, त्या उताराच्या खाटेवर गज धरून उभी राहिले, टाचा वर केल्या, हात जेवढा लांबतो तेवढा लांबवला आणि धागा कापला. पिल्लू माझ्या तळव्यात पडलं. ऊन-ऊन, ओलं, सगळंच्या सगळं धडधडणारं. ते घरट्यात ठेवलं आणि खाली बसले, आणि पायांवरून काहीतरी कोमट ओघळलं.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांत आठवतं. मंजुबेन धावत आल्या, तेव्हाही शेजारीच होत्या. "सूई रहो, बेन, सूई रहो!" पडून राहा, असं म्हणत होत्या. कुणाची तरी जीप, तीन ठिकाणी खड्डे. डॉक्टरीणबाईंनी सुई देता देता विचारलं, "उठलात का? हात वर केलेत? खरं सांगा." मी म्हटलं, नाही. तेव्हा दारात उभ्या असलेल्या सासूबाई कोसळल्यासारख्या खाली बसल्या. "मीच, माय. मीच तिले पाटवर बसाडं. मना हातनं व्हयनं." माझ्या हातानं झालं, असं म्हणत होत्या. मी डोळे मिटून घेतले. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी घाबरले होते, मला कुणी टाकून बोलू नये एवढंच मला हवं होतं, आणि माझ्यावर येणारं बोलणं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मी घेऊ दिलं.

टाका टिकला. एका धाग्यानं माझं पोर धरून ठेवलं आणि दुसऱ्यानं त्या बुलबुलिणीचं लटकवलं, असलं काहीतरी आता सुचतं. तेव्हा फक्त सलाइनचे थेंब दिसत होते. पंधरा दिवस दवाखान्यात काढले. तिसऱ्या दिवशी धीर करून सासूबाईंना विचारलं, "पिल्लं कशी आहेत?" त्या म्हणाल्या, "उडून गेली ना. तिन्ही." मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.

श्रावणात कांचन झाली. जरा लवकर, जरा लहान, पण आवाज खणखणीत. पाचव्या दिवशी घरी आणली, पाणी तापलं, पाट मांडला. सासूबाई आल्याच नाहीत. म्हणाल्या, "बाई लावू आपण. माझा हात आता चालत नाही." रोज एक बाई येऊन माझ्या लेकीला न्हाऊ घालायची आणि अर्ध्या गावाला न्हाऊ घालणारी तिची आजी टॉवेल घेऊन दारात उभी असायची. बाळ रडलं की तिचे हात आपोआप पुढे यायचे आणि ती ते मागे घ्यायची. मी बघायची. रोज ठरवायची, उद्या सांगू. मग वाटायचं, आता इतके दिवस गेले, आता कसं सांगू? मग महिने गेले, मग वर्षं. सासरे गेले, सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या, आम्ही या ब्लॉकमध्ये आलो. कांचनच्या केसांना त्यांनी कधी तेलसुद्धा लावलं नाही. मी स्वतःची समजूत घालायची: पाप केलं खरं, पण तीन जीव उडाले, चौथा माझ्या मांडीवर आहे. त्या तीन बुलबुलांवर मी अकरा वर्षं दिवस काढले. तारेवर कुठलाही बुलबुल बसला की वाटे, माझाच.

परवा कांचनच्या बोटांवरचे वळ बघितले आणि मला माझीच शिसारी आली. या पोरीला मी काय सांगणार होते, धागा का नको ते?

आज आखाजी. दुपारी जेवणं झाली, यजमान पेंगले, कांचन गॅलरीत. सासूबाई पाय पसरून भिंतीशी बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. कातर, गज, टाचा, सगळं. सांगताना त्यांच्याकडे बघायची छाती झाली नाही, फरशीकडे बघत बोलले.

सासूबाईंनी पसरलेले पाय जवळ घेतले. मग हात वर करून डोळ्यांजवळ आणले आणि नुसत्या बघत राहिल्या. "म्हणजे माझ्या हातात खोट नव्हती," त्या म्हणाल्या. मला नाही, हातांनाच. आणि एकाएकी त्यांचा आवाज चढला. "पोरीचं न्हाणं गेलं ना वं माझं! आता काय या घोडीला पायांवर घेऊ? सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?" मी रडत म्हटलं, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "चुकलंच." समजूत घातली नाही, आणि ते बरंच झालं. समजूत घातली असती तर मला तोंड दाखवता आलं नसतं.

मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि ज्याच्यासाठी उठलीस ते काही वाचलं नाही. तिन्ही गेली. दुसऱ्या दिवशी मीच काठीनं घरटं काढलं. एकाच धाग्यात तिघांचे पाय गुरफटलेले. तू तर तिथे पडलेली, पोटात ही. तुला काय सांगणार होते?"

  बाहेर दोरीवर बुलबुल ओरडला, तो माझा नव्हता.

कांचन दारात कधीची उभी होती कोण जाणे. तिनं माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. "कुठली पिल्लं, आई? मग ती उडून गेली ना?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. त्या काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. त्यांच्या गुडघ्यावर मी हात ठेवला आणि त्यांच्या आधी बोलले.

"नाही गं. मेली. मी ठेवलेल्या दोऱ्यानं मेली."